निळ्या पेन्सिलीतला दादा

३ सप्टेंबर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज तीन ओळी लिहा, मनात येईल ते. ही पहिली ओळ. मनात काही येत नाही, ही दुसरी. तिसरी उद्या.

५ सप्टेंबर

काल लिहिलं नाही, कारण काल मी झोपले होते. परवाही झोपलेच होते, पण परवा वही उशाशी होती.

आता शहाण्यासारखं लिहिते. वय छत्तीस. तिसऱ्या मजल्यावर दीड खोलीत एकटी राहते. मिक्सर, पंखा, इस्त्री यांच्या खोक्यात एक घडी घातलेला कागद असतो, जो कुणी वाचत नाही, त्यावरची चित्रं मी काढते. हात, बाण, झाकण, फुली. माणसाला चेहरा काढायचा नाही अशी कंपनीची अट आहे. बारा वर्षं मी बिनचेहऱ्याच्या लोकांना झाकण नीट लावायला शिकवते आहे आणि लोक अजून झाकण न लावताच मिक्सर चालू करतात.

एप्रिलपासून आणखी एक उद्योग चालू आहे. 'मी आणि उशी' नावाची चित्रकथा. दर शुक्रवारी चार-सहा चौकटी इंटरनेटवर टाकते. मी म्हणजे मीच, दोन ठिपक्यांचे डोळे आणि विस्कटलेला अंबाडा. उशी म्हणजे माझा आजार. तिला तोंड आहे. मी उठायला लागले की ती म्हणते, "उठून काय मोठे दिवे लावणार आहेस?" मी परत आडवी होते. संपली गोष्ट. लोकांना हे फार आवडतं. माझं न उठणं बघायला दर शुक्रवारी चौदा हजार लोक उठतात.

मार्चमधल्या त्या आठवड्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. डॉक्टरीणबाईंना तो तोंडपाठ आहे आणि मला तो नको आहे.

९ सप्टेंबर

दादा येऊन गेला. रोजच येतो, सव्वा वाजता. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, अंगानं दुप्पट. दोन गल्ल्या सोडून चष्म्याचं दुकान आहे, तिथे मागच्या खोलीत भिंगं घासतो. "दुकानात जेवायला जागा नाही," असं त्याचं म्हणणं. मी ती मागची खोली पाहिली आहे. तिथल्या टेबलावर सहा माणसं जेवतील आणि सातवा खाली वामकुक्षी करेल. पण मोठ्या भावाला कोण सांगणार?

त्याच्याकडे माझ्या घराची किल्ली आहे. दार उघडतो आणि चपला काढायच्या आत ओरडतो, "ए पेन्सिल, जिवंत आहेस का?"

लहानपणी मी काडी होते, म्हणून पेन्सिल. 'जिवंत आहेस का' हा विनोद मात्र त्याला एप्रिलमध्ये सुचला आणि तेव्हापासून रोज तितकाच आवडतो. मी उत्तर देत नाही. मग तो आत येऊन बघतो, मी दिसले की एकदम थकल्यासारखा खुर्चीत बसतो आणि डबा उघडतो. तीन जिने चढून दम लागतो, दुसरं काय? वजन कमी कर म्हणून किती वेळा सांगितलं.

वहिनींना अंदाज म्हणून नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तरी एका माणसाचा डबा भरायचा तर दोघांचं भरतात. उरलेलं मी खाते, टाकवत नाही म्हणून.

१२ सप्टेंबर

या माणसाला माझ्या घरातल्या वस्तू सुखानं नांदू देववत नाहीत. एप्रिलमध्ये बाथरूमची कडी काढून नेली. गंजली आहे, दुरुस्त करून आणतो म्हणाला. सहा महिने एक कडी दुरुस्त होते आहे. एवढ्यात लोक घर बांधून राहायला जातात. मी एकटी राहते म्हणून चाललंय.

माझ्या कटरची ब्लेडंही नेली. दुकानात लागतात म्हणे. भिंगं ब्लेडनं कापतात हे मला नवीनच. तेव्हापासून मी बालवाडीतल्या गोल टोकाच्या कात्रीनं कागद कापते. त्यावर गेल्या महिन्यात एक चित्रकथा केली होती, उशी म्हणते, 'या कात्रीनं तुझ्याच्यानं दिवससुद्धा कापला जाणार नाही.' तीन हजार लोकांनी बदाम दिले.

गोळ्यांचं तर विचारूच नका. डॉक्टरीणबाई महिन्याच्या लिहून देतात, दादा दोन दिवसांच्या आणतो. "तेवढ्याच होत्या दुकानात." असं कुठलं औषधाचं दुकान आहे जिथे सहा महिने दर दोन दिवसांनी बरोबर दोनच दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतात? कंजूष आहे, आणखी काय. एकदम पैसे सुटत नाहीत.

आणि ते टिंब. सकाळी उठल्यावर वहिनींच्या फोनवर एक टिंब पाठवायचं. त्यांच्या फोनला रेंज येते का ते बघायला. मी पाठवते. निदान या घरात कुणाचं तरी नेटवर्क नीट राहू दे.

१९ सप्टेंबर

एका वाचकानं विचारलं, चित्रं कशी काढता? उत्तर दिलं नाही. इथे लिहिते.

आधी फिकट निळ्या पेन्सिलीनं कच्चं काढायचं, मग वरून काळी शाई. स्कॅन करताना संगणकाला सांगायचं की निळं सगळं उडव. काळं तेवढं उरतं. कागदावर मात्र निळं राहतंच, खोडायची गरज नसते. चित्रं काढणारे पूर्वीपासून असंच करतात.

आता गंमत. माझ्या प्रत्येक कागदावर निळ्यात दादा आहे. चौकटीत एका बाजूला मी आणि उशी असतो, दुसऱ्या बाजूला काहीतरी वजन लागतं, नाहीतर चित्र कलंडतं. आणि चाळीस मिनिटं पुतळ्यासारखा बसणारा दुसरा माणूस माझ्याकडे नाही. म्हणून तो इथे असतो तेव्हा मी त्याला निळ्यात काढते. खुर्चीत, ओट्याशी, दारात चपला काढताना. सगळ्यावर शाई फिरवते, त्याच्यावर नाही. स्कॅन झालं की त्याच्या जागी पांढरं उरतं.

वाचक लिहितात, 'तुमच्या चित्रांतली ती रिकामी जागा अंगावर येते.' आता तिथे एक जाडा माणूस बटाट्याची भाजी खात बसला होता, हे त्यांना कशाला सांगू?

त्याला शाईत घेणं शक्यच नाही. उशी म्हणणार, 'तुला कुणी नाही,' आणि शेजारी हा डबा उघडून बसलेला. उशी खोटी पडेल. उशी खोटी पडली की विनोदाची वाट लागली.

२७ सप्टेंबर

आज एका प्रकाशिकाबाईंचा फोन आला. मग त्या स्वतःच आल्या. कानात खांद्यापर्यंत लोंबणारी कानातली. माझी दीड खोली त्यांनी देवळात फिरावं तशी हात जोडून बघितली.

"मी तुला तू म्हणते हं. हीच ती गादी?"

"हो."

"आणि हीच ती उशी! किती साधी आहे गं."

पुस्तक करायचं म्हणतात. नावही ठरवून आल्या होत्या, 'कुणीच नाही'. एकशे बारा चौकटी. "एकटेपणाला सध्या फार मागणी आहे," म्हणाल्या. "पण एक पथ्य पाळ. पुस्तकात दुसरं माणूस येता कामा नये. एकसुद्धा नाही. एक आला की वाचकाचा विश्वास उडतो."

तेवढ्यात सव्वा वाजले. किल्लीचा आवाज, चपला, "ए पेन्सिल, जिवंत आहेस का?"

बाई दचकल्या. "हे कोण?"

"नळ दुरुस्त करायला आलेत," मी म्हटलं.

दादानं माझ्याकडे बघितलं. मग डबा पिशवीत सरकवून ओट्याशी गेला आणि नळ उघडून बंद केला. दोनदा. "ठीक चाललाय," म्हणाला आणि निघून गेला. मला इतकं हसू आलं. काय नट आहे हा माणूस!

तो मग कुठे जेवला, ते विचारायचं राहिलं.

१० ऑक्टोबर

वर्तमानपत्रासाठी मुलाखत झाली, फोनवर. पुस्तक यायच्या आधी हवा व्हायला हवी, असं प्रकाशिकाबाईंचं म्हणणं. मुलाखतवालीनं हळव्या आवाजात विचारलं, "तुमच्याकडे कुणी येतं का हो?"

"येते ना. पाल. ट्यूबलाइटमागे राहते. वर्षभरात तिच्याशिवाय या घरात कुणाचं पाऊल पडलेलं नाही."

ती खूप हसली. मग गप्प झाली. मग म्हणाली, "किती भयंकर." जमलं. आधी हसायचं, मग गप्प व्हायचं, मला असंच हवं असतं. दादाचं पाऊल त्यात धरलं नाही. तो काय, जेवायला येतो.

१४ ऑक्टोबर

ऐन वेळी माझा स्कॅनर बसला. प्रकाशिकाबाई म्हणाल्या, मूळ कागदच छापखान्यात देऊन ये. दिले. स्कॅन करणारा माणूस पोटावर ॲप्रन बांधलेला, चष्म्यावर चष्मा लावलेला. मी दहा वेळा बजावलं, "बारीकातली बारीक रेघ आली पाहिजे हं. एकही सुटता कामा नये."

"मॅडम," तो म्हणाला, "तीस वर्षांत माझ्या हातून रेघ सुटलेली नाही."

असा माणूस मिळायला भाग्य लागतं.

१८ ऑक्टोबर

मुलाखत काल आली. मथळ्यात पाल आहे.

दादा आज आवाज न देता आला. मी उशीत तोंड खुपसून 'जिवंत आहेस का'ची वाट बघत होते, तर हा येऊन बसलासुद्धा. अर्धा डबा खाल्ला. मग म्हणाला, "दुकानात एक बाई फ्रेम बघायला आल्या होत्या. फोनवर वाचून दाखवत होत्या सगळ्यांना. मालकालाही दाखवलं."

"काय?"

"बिचारी मुलगी, म्हणाल्या, घरच्यांनी वाऱ्यावर सोडली. दगड असतील घरचे."

"मग तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार? त्यांचा नंबर वाढलाय. तो सांगितला."

उरलेला अर्धा डबा माझ्यापुढे सरकवला, स्वतःची वाटी धुतली आणि गेला. वहिनींशी भांडण झालेलं दिसतंय.

२० ऑक्टोबर

काल आला नाही. आज खालच्या रखवालदारानं चष्म्याची डबी आणून दिली. डबीत चष्मा पुसायचं कापड, आणि कापडात माझ्या घराची किल्ली.

चिठ्ठी नाही. चिठ्ठी लिहिण्याइतका तो वाईट माणूस नाही.

रुसला. पंचेचाळीस वर्षांचा घोडा, बायकापोरांचा धनी, एका पालीवर रुसला. रुसू दे. माझ्या पुस्तकाला नाव 'कुणीच नाही' आहे, आता निदान ते खरं तरी होईल.

२४ ऑक्टोबर

कंपनीनं नव्या इस्त्रीची चित्रं मागितली आहेत. काढली नाहीत. शुक्रवारची चित्रकथाही काढली नाही.

सहा महिने एकटेपणावर विनोद केले. आता अस्सल माल हातात आला, तर त्यात एक विनोद सापडत नाही. कागदावर मी आणि उशी काढली. दुसऱ्या बाजूला वजन हवं म्हणून निळी पेन्सिल घेतली आणि खुर्चीकडे बघितलं. खुर्चीत धुवायचे कपडे होते. कपडे काढले. चित्र कलंडलं.

उशीसुद्धा काही बोलत नाही. तिला बोलायची गरजच उरली नाही.

२८ ऑक्टोबर

सव्वा वाजता जाग येते. आधी यायची नाही.

१ नोव्हेंबर

टिंब पाठवते आहे अजून. रुसवा दादाशी आहे, रेंजशी नाही. उलट वहिनींकडूनही टिंब येतं. एवढाच संवाद. दिवसाकाठी दोन टिंबं.

गोळ्या रखवालदाराकडे येतात, पाकिटात, दोन-दोन दिवसांच्याच. रुसला तरी कंजूषपणा सुटलेला नाही.

५ नोव्हेंबर

लिहायला हात जड आहे, पण लिहिते.

आज उठलेच नाही, म्हणून टिंब गेलं नाही. दहा वाजता फोन वाजला. वाजून बंद झाला, परत वाजला. सातव्यांदा उचलला.

"काय झालं गं? कुठे आहेस? टिंब का नाही आलं?" वहिनी. धावत बोलत होत्या.

"झोपले होते. रेंज बघायची असेल तर दुसऱ्या कुणाला..."

"कसली रेंज?"

"तुमच्या फोनची."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. रस्त्याचा आवाज. कुठेतरी मधेच थांबल्या असाव्यात. मग त्या जे बोलल्या ते तसंच्या तसं लिहिते, कारण त्यातलं एकही वाक्य माझ्याच्यानं विनोदी होणार नाही.

"अगं, तुला खरंच कळलं नाही होय? मार्चनंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, हिला एकटं सोडू नका, पण पहारा आहे असं वाटू देऊ नका. तुझी ब्लेडं आमच्या कपाटात आहेत. बाथरूमची कडीपण. महिनाभराच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये असतात, त्यातल्या दोन दिवसांच्या काढून देते. सव्वाला दार उघडायच्या आधी तुझ्या दादाचे हात थरथरतात, माहितीये तुला? भिंग घासणारा माणूस! दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी मालकाला विनवून एक तासाची करून घेतली. संध्याकाळी तेवढं जास्त बसतो. आणि तू छापून सांगतेस, पाल येते. पाल डबा आणते का गं?"

मी म्हटलं, "वहिनी, मला वाटलं तुम्हाला डब्याचा अंदाज येत नाही."

त्या रडायला लागल्या. मग म्हणाल्या, "ऊठ आता. तोंड धू. आणि टिंब पाठव."

पाठवलं.

६ नोव्हेंबर

'जिवंत आहेस का.' हा विनोद नव्हता. सहा महिने रोज तो खरंच विचारत होता, आणि मी उत्तर द्यायची नाही. मग तो आत येऊन बघायचा. मला वाटायचं जिने चढून दम लागतो.

सगळ्या जगाला हसवणारी मी, आणि घरातलं विनोद नसलेलं एकुलतं एक वाक्य मला कळलं नाही.

९ नोव्हेंबर

छापखान्यातून पुस्तकाचे नमुन्याचे कागद आले. त्यांच्या आधी प्रकाशिकाबाईंचा फोन आला.

"हे काय आहे? हा निळा जाड्या कोण?"

पाकीट उघडलं. तीस वर्षांत रेघ न सुटलेल्या माणसानं शब्द पाळला होता. निळं उडवायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीच तर बजावून आले होते, एकही रेघ सुटता कामा नये. एकशे बारा चौकटींतल्या एकाहत्तर चौकटींत दादा आहे. फिकट निळा, पण पक्का. खुर्चीत. ओट्याशी. दारात एका पायावर, चपला काढताना. उशी म्हणते आहे, 'तुला कुणी नाही,' आणि मागे तो मान खाली घालून माझ्यासाठी अर्धी भाजी वेगळी काढतोय. हे मी कधी काढलं? हाताला माहीत होतं वाटतं, मला नाही.

मला भीती होती की दादा आला तर उशी खोटी पडेल. तसं काही झालं नाही. तो खोलीत आहे, हाताच्या अंतरावर, आणि चित्रातली मी एकाहत्तरपैकी एकाही चौकटीत त्याच्याकडे बघत नाहीये. सगळीकडे भिंतीकडे तोंड. एकटी मी होतेच, त्यात खोटं काही नव्हतं. पण तो असताना एकटी होते. आजार हाच आहे, आणि सहा महिने मी त्यातला नेमका हाच भाग उडवून देत होते.

"काढून टाक त्याला," प्रकाशिकाबाई म्हणाल्या. "एका दिवसाचं काम आहे. नाहीतर हे पुस्तक एकटेपणाचं कसं? आणि तो नळवाला आहे ना गं? नळवाल्याला कशाला काढलंस?"

"नळवाला नाही. भाऊ आहे."

"मग तर अजिबात नको."

११ नोव्हेंबर

दुकानात गेले. माझ्या घरापासून दोन गल्ल्या, आणि मी तिथे चार वर्षांनी गेले.

दादा मागच्या खोलीत त्या सहा माणसांच्या टेबलावर एकटा डबा खात होता. मला बघून उभा राहिला. मग आपण रुसलो आहोत हे आठवून परत बसला.

मी कागद पुढे ठेवले. त्यानं हात पुसले, भिंगं तपासायचं छोटं भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक पान बघत गेला. तो कुठलीच गोष्ट घाईनं बघत नाही. मालक दोनदा डोकावून गेले.

"माझं पोट एवढं आहे?"

"कमीच काढलंय."

पुढचं पान. "निळा का?"

"निळं छापलं जात नाही म्हणून."

"मग छापलं कसं?"

"चुकून."

त्यानं भिंग खाली ठेवलं. "चुकून," तो म्हणाला. "तेच म्हटलं."

वहिनींचं सगळं ऐकूनसुद्धा मला इतकं लागलं नव्हतं. मी म्हटलं, "हो, चुकून. मी तुला उडवायचेच दादा. दर शुक्रवारी. आता ठेवणार आहे, मुद्दाम."

"त्या कानातलंवाल्या बाई काय म्हणतात?"

"काढ म्हणतात. नाहीतर पुस्तक नाही."

"मग काढ. एवढं चालून आलेलं पुस्तक घालवू नकोस. मला काय, मी नळ बघून जाईन."

मी चष्म्याची डबी टेबलावर ठेवली. त्यानं ती बोटानं परत माझ्याकडे सरकवली. "पाळत ठेवतो असं वाटत असेल तर नको. जबरदस्तीनं मला कुणाला जेवायला घालायचं नाही."

"तसं नाही वाटत."

"गिऱ्हाईक आलंय," तो म्हणाला. गिऱ्हाईक आलं नव्हतं.

१३ नोव्हेंबर

प्रकाशिकाबाईंना कळवलं, निळं राहील. नाव बदलावं लागेल.

"विचार करून कळवते," म्हणाल्या. छापखान्यातल्या माणसाला विचारलं, याचा अर्थ काय? तो म्हणाला, "मॅडम, त्यांचा विचार चालू असलेली चाळीस पुस्तकं माझ्या माळ्यावर आहेत."

वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, पुस्तक मला हवं होतं. अजून हवं आहे.

१५ नोव्हेंबर

शुक्रवारची चित्रकथा टाकली, दादासकट. खाली लिहिलं, 'हा सुरुवातीपासून इथेच होता. मुलाखतीत मी खोटं बोलले. पालीची आणि भावाची माफी.'

दोन हजार लोक सोडून गेले. एकानं लिहिलं, तुम्ही आम्हाला फसवलंत, आम्हाला वाटलं तुम्ही खरंच दुःखी आहात. एका विद्वानानं विचारलं, निळा माणूस म्हणजे मृत्यूचं प्रतीक का? मी म्हटलं, नाही, माझा भाऊ आहे. तो म्हणाला, कलावंताला स्वतःच्या कलेतलं काही कळत नाही हेच खरं. तो चुकीच्या वाटेनं बरोबर ठिकाणी पोचला होता.

एका बाईंनी फक्त एवढंच लिहिलं, 'माझ्याकडे रोज बहीण येते. आज तिच्याकडे बघितलं.'

२१ नोव्हेंबर

आज वाईट दिवस होता. सगळं कळलं म्हणून बरं वाटायला लागतं, असं काही नसतं. डॉक्टरीणबाईंनी तसं कधी कबूलही केलेलं नाही. सकाळी डोळे उघडले आणि उशी म्हणाली, 'झालं ना सगळं करून? आला का तो?' टिंब पाठवायला फोन लांब वाटला, तो वाजला तेव्हाही. टेबल हाताच्या अंतरावर आहे.

सव्वा वाजता बेल वाजली.

या घराला बेल आहे हे मी विसरलेच होते. वाजली, थांबली, परत वाजली, आणि मग थांबेचना. बटणावर कुणी बोट रोवून उभं होतं. उशी म्हणाली, 'उठून काय दिवे लावणार आहेस?' मी म्हटलं, दिवे नाही, बेल बंद करणार आहे. पाय खाली टाकायला वेळ लागला. दारापर्यंत जायला आणखी. बेल तेवढा वेळ वाजत राहिली, खालच्या मजल्यावरून कुणी ओरडलंसुद्धा.

दार उघडलं. दादा. बटणावरचं बोट काढायचं त्याला सुचत नव्हतं. दुसऱ्या हातात डबा.

"ए पेन्सिल..." पुढचे शब्द त्याच्याच्यानं बोलवेनात.

"आहे," मी म्हटलं. "जिवंत आहे."

सात महिन्यांनी उत्तर दिलं. तो खुर्चीपर्यंत गेला आणि बसला. मी यावेळी बघितलं. त्याचे हात खरंच थरथरत होते, डब्याचं झाकण निघत नव्हतं. मी काढून दिलं. बारा वर्षांचा अनुभव आहे.

वहिनींनी चार उकडलेली अंडी दिली होती. मी चष्म्याची डबी आणून त्याच्यासमोर ठेवली. त्यानं ती उघडली, कापडातून किल्ली काढली, कापडानं उगाचच पुसली आणि खिशात टाकली. त्याच खिशातून एक कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. त्यात बाथरूमची कडी होती. गंज कुठेच नव्हता. घासूनपुसून लखलखीत केली होती. स्क्रूसुद्धा होते, चारही.

"वहिनी म्हणाली, आता तुला सगळं माहीतच आहे, तर विचारून घे," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता, अंडं सोलत. "बसवू का आज?"

मी कडीकडे बघितलं. हो म्हणणं सोपं होतं. त्याला किती बरं वाटलं असतं. मग मी त्याच्याकडे बघितलं.

"अजून नको," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. पुडी परत बांधली, खिशात ठेवली आणि सोललेलं अंडं माझ्या हातात दिलं. आम्ही दोन-दोन खाल्ली.